लूकस, कॅरोलाइन

लूकस, कॅरोलाइन : (९ डिसेंबर १९६०– ). ब्रिटनमधील पर्यावरणवादी राजकारणी, ग्रीन पार्टी ऑफ इंग्लंड अँड वेल्स या पक्षाच्या पहिल्या निर्वाचित नेत्या आणि ब्रिटिश संसदेच्या हाऊस ऑफ कॉमन्स या सभागृहात निवडून गेलेल्या त्या पक्षाच्या पहिल्या सदस्य. १९९९ ते २०१० या काळात त्या युरोपीय संसदेच्या आणि २०१० ते २०२४ या काळात ब्रायटन पॅव्हिलियन मतदारसंघातून हाऊस ऑफ कॉमन्सच्या सदस्य होत्या. ही चौदा वर्षे आपल्या पक्षाच्या त्या तेथील एकमेव प्रतिनिधी राहिल्या. एकट्या सदस्याला मतांच्या बळावर कायदा करून घेता येत नाही. तरीही ब्रिटनमधील हवामानविषयक चर्चेची भाषा आणि तिचे विषय ठरवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

लूकस यांचा जन्म वुस्टरशर परगण्यातील माल्व्हर्न येथे झाला. घरचे वातावरण हुजूर पक्षाकडे झुकलेले होते. वडिलांचा घरे उबदार ठेवणारी यंत्रणा बसवून देण्याचा छोटा व्यवसाय होता आणि ते सौरपट्ट्याही विकत. एक्झिटर विद्यापीठातून लूकस यांनी १९८३ मध्ये इंग्रजी साहित्याची पदवी पहिल्या वर्गात मिळवली, त्यानंतर शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात एक वर्ष पत्रकारितेचे शिक्षण घेतले आणि पुढे एक्झिटरमधूनच पीएच.डी. केली. एलिझाबेथकालीन अद्‌भुतरम्य कथावाङ्‌मय आणि त्याची स्त्रीवाचक हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. विद्यार्थिदशेतच त्या अण्वस्त्रविरोधी चळवळीत ओढल्या गेल्या. बर्कशरमधील ग्रीनहॅम कॉमन येथील अमेरिकी क्षेपणास्त्रांच्या तळाबाहेर स्त्रियांनी वर्षानुवर्षे चालवलेल्या शांतता-छावणीत त्यांचे जाणे-येणे होते. निःशस्त्रीकरण, स्त्रियांचे प्रश्न आणि पर्यावरण हे त्यांच्या दृष्टीने कधीच वेगवेगळे विषय नव्हते, आणि त्यांच्या पुढील राजकारणाची घडण समजून घ्यायची तर ही सुरुवात ध्यानात ठेवावी लागते. १९८६ मध्ये पर्यावरणवादी कार्यकर्ते जोनाथन पॉरिट यांचे हरित राजकारणाची मांडणी करणारे पुस्तक त्यांच्या वाचनात आले आणि लंडनच्या क्लॅपम भागातील ग्रीन पार्टीच्या कार्यालयात जाऊन त्यांनी सभासदत्व घेतले. पुढील काही वर्षे त्यांनी पक्षाच्या प्रसिद्धीचे काम पाहिले.

हा पक्ष १९७० च्या दशकाच्या आरंभी कॉव्हेंट्री येथे ‘पीपल’ या नावाने सुरू झाला, १९७५ मध्ये ‘इकॉलॉजी पार्टी’ झाला आणि १९८५ मध्ये त्याने ‘ग्रीन पार्टी’ हे नाव घेतले. १९९० मध्ये स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड येथील शाखा स्वतंत्र पक्ष झाल्या. ब्रिटनमध्येही भारताप्रमाणेच मतदारसंघात सर्वांत जास्त मते मिळवणारा एकच उमेदवार निवडून येतो आणि बाकीची सर्व मते प्रतिनिधित्वाच्या दृष्टीने वाया जातात. एकगठ्ठा प्रदेश ज्याच्या हाती नाही, अशा विखुरलेल्या पाठिंब्याच्या पक्षाला ही पद्धत फार जाचक ठरते. १९८९ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत ग्रीन पार्टीला सुमारे १५ टक्के, म्हणजे जवळजवळ २३ लाख मते पडली, पण जागा एकही मिळाली नाही. हाऊस ऑफ कॉमन्सच्या निवडणुकांत तर पाच टक्क्यांची मर्यादा न ओलांडल्याने पक्षाच्या उमेदवारांची ५०० पौंडांची अनामत रक्कम जप्त होणे ही नित्याची गोष्ट होती. लूकस यांनी निवडणूक पद्धतीतील सुधारणेचा आग्रह आयुष्यभर का धरला, याचे उत्तर या अनुभवात आहे.

१९८९ पासून दहा वर्षे लूकस यांनी ऑक्सफॅम या दारिद्र्यनिर्मूलनासाठी काम करणाऱ्या संस्थेत नोकरी केली. सुरुवातीला त्या प्रसिद्धी विभागात होत्या, नंतर आशियाविषयक संपर्काचे काम त्यांच्याकडे आले आणि पुढे त्या व्यापारविषयक धोरणाच्या सल्लागार झाल्या. मधल्या काळात एक वर्ष त्या ब्रिटिश सरकारच्या आंतरराष्ट्रीय विकास खात्यातही काम करीत होत्या. या नोकरीमुळे जागतिक व्यापाराचे करार, आयात-निर्यातीचे नियम आणि गरीब देशांतील शेतकऱ्यांवर होणारा त्यांचा परिणाम यांचा बारकाईने अभ्यास त्यांना करता आला. याच दशकात, १९९३ ते १९९७, त्या ऑक्सफर्डशर परगणा परिषदेच्या सदस्य होत्या. झाडे, नद्या, वन्यजीव यांच्या प्रेमापोटी राजकारणात आलेले पर्यावरणवादी पुष्कळ असतात. लूकस व्यापाराच्या आकडेवारीतून पर्यावरणाकडे पाहायला शिकल्या, आणि हेच त्यांचे वेगळेपण होय.

ब्रिटनमध्ये युरोपीय संसदेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देण्याची पद्धत १९९९ मध्ये लागू झाली आणि त्याच निवडणुकीत ग्रीन पार्टीचे दोन उमेदवार निवडून आले : आग्नेय इंग्लंडमधून लूकस आणि लंडनमधून जीन लॅम्बर्ट. पद्धत बदलताच दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेने कितीतरी कमी मतांत दोन जागा मिळाल्या. २००४ आणि २००९ मध्येही लूकस पुन्हा निवडून आल्या. युरोपीय संसदेत व्यापार, वाहतूक आणि प्राणिकल्याण हे त्यांच्या कामाचे मुख्य विषय होते. विमानवाहतुकीमुळे हवामानावर होणारा परिणाम कमी करण्याविषयीच्या २००६ च्या अहवालाचे काम संसदेने त्यांच्याकडे सोपवले होते. बेकायदा तोडलेले लाकूड युरोपच्या बाजारात येऊ नये, यासाठी आयातदारांवर लाकडाचा माग काढण्याची जबाबदारी टाकणारा नियम २०१० मध्ये मंजूर झाला. त्याच्या पहिल्या वाचनाच्या वेळी संसदेच्या वतीने अहवाल सादर करण्याचे कामही त्यांनीच केले.

या काळातील त्यांचे सर्वांत बोलके लेखन म्हणजे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला अन्नाच्या अदलाबदलीविषयीचा अहवाल. ब्रिटनमध्ये त्या वर्षी गुरांच्या लाळ्या-खुरकुत रोगाची प्रचंड साथ पसरली होती आणि लाखो जनावरे मारून टाकावी लागत होती. जनावरे आणि मांस इतक्या दूरवर फिरवलेच का जाते, हा प्रश्न लूकस यांनी विचारला आणि उत्तरादाखल सीमाशुल्काच्या नोंदी पुढे ठेवल्या. १९९७ मध्ये ब्रिटनने १२ कोटी ६० लाख लिटर द्रवरूप दूध आयात केले आणि त्याच वर्षी २७ कोटी लिटर निर्यात केले. दूध तेच, गुणवत्ताही जवळपास तीच. तरी त्याचे टँकर समुद्राच्या एका काठावरून दुसऱ्या काठाकडे आणि दुसऱ्यावरून पहिल्याकडे धावत होते. डुकराचे मांस, कोकराचे मांस यांचीही हीच गत होती. या फेऱ्यांत जाळल्या जाणाऱ्या इंधनाची खरी किंमत कोणाच्याच हिशेबात धरली जात नाही आणि म्हणून हा व्यवहार किफायतशीर दिसतो, असे त्यांचे म्हणणे होते. जे अन्न जवळ पिकते ते जवळच विकले जावे, ही साधी गोष्ट व्यापारनियमांच्या भाषेत कशी मांडावी लागेल, हे त्यांनी या अहवालात आणि पुढे २००४ मध्ये पक्षातील सहकारी माइक वुडिन यांच्यासह लिहिलेल्या जागतिकीकरणाच्या पर्यायांवरील पुस्तकात दाखवले. या मांडणीवर स्वाभाविक आक्षेप असा, की श्रीमंत देशांनी स्थानिक मालाकडे वळायचे ठरवले, तर निर्यातीवर जगणाऱ्या गरीब देशांतील शेतकऱ्यांनी काय करायचे? लूकस यांचे उत्तर असे, की त्या देशांतील उत्तम जमीन परक्या बाजारासाठी राबवली जाण्यापेक्षा तेथील लोकांच्या पोटासाठी राबली पाहिजे आणि या बदलासाठी श्रीमंत देशांनी पैसा द्यायला हवा. हे उत्तर सर्वांना पटलेले नाही. मात्र प्रश्न टाळून त्या पुढे गेल्या नाहीत.

ग्रीन पार्टीला एकच नेता असावा, ही कल्पना पक्षातील अनेकांना मान्य नव्हती. सत्ता एका व्यक्तीच्या हाती एकवटू नये या तत्त्वानुसार पक्षात अध्यक्षाऐवजी एक पुरुष व एक स्त्री असे दोन ‘प्रमुख प्रवक्ते’ असत. तत्त्व चांगले असले, तरी मतदाराला पक्षाचा चेहरा दिसत नाही, असा युक्तिवाद लूकस यांनी केला. २००७ मध्ये सभासदांच्या मतदानात ७३ टक्क्यांनी नेतेपदाच्या बाजूने कौल दिला आणि सप्टेंबर २००८ मध्ये लूकस ९२ टक्के मतांनी पहिल्या नेत्या झाल्या. २०१२ मध्ये इतरांना पुढे येता यावे म्हणून त्यांनी हे पद सोडले व नॅटली बेनेट नेत्या झाल्या. २०१६ ते २०१८ या काळात त्यांनी जोनाथन बार्टली यांच्यासह पुन्हा नेतेपद भूषवले. एक पूर्ण पद दोघांनी वाटून घेण्याची ती व्यवस्था पक्षाच्या जुन्या परंपरेशी जुळणारी होती.

ब्रायटन हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे शहर. तेथील चौथ्या जॉर्ज राजाने बांधलेल्या, भारतीय धाटणीचे घुमट असलेल्या ‘रॉयल पॅव्हिलियन’ राजवाड्यावरून मतदारसंघाला नाव मिळाले आहे. पहिल्या महायुद्धात याच राजवाड्यात जखमी भारतीय सैनिकांसाठी रुग्णालय उघडण्यात आले होते, आणि येथे मरण पावलेल्या हिंदू व शीख सैनिकांचे दहन जेथे झाले त्या पॅचमजवळच्या टेकडीवर संगमरवरी छत्री आजही उभी आहे. विद्यार्थी, कलावंत आणि नोकरदार यांच्या या शहरात ग्रीन पार्टीने महानगरपालिकेपासून एकेक जागा जिंकत पाया घातला होता, आणि २००५ च्या संसदीय निवडणुकीत पक्षाचे उमेदवार कीथ टेलर यांना सुमारे २२ टक्के मते मिळाली होती. २०१० साठी सभासदांनी टेलर यांच्याऐवजी लूकस यांना उमेदवारी दिली. ६ मे २०१० रोजी झालेल्या निवडणुकीत त्यांना १६,२३८ मते मिळाली आणि मजूर पक्षाच्या उमेदवाराचा त्यांनी १,२५२ मतांनी पराभव केला. जेमतेम ३१ टक्के मतांवर मिळालेला हा विजय त्याच निवडणूक पद्धतीची देणगी होती, जी बदलावी म्हणून त्या झगडत होत्या. त्यानंतर मात्र दर वेळी त्यांचे मताधिक्य वाढत गेले : २०१५ मध्ये ७,९६७, २०१७ मध्ये १४,६८९ आणि २०१९ मध्ये १९,९४०. शेवटच्या दोन निवडणुकांत लिबरल डेमोक्रॅट पक्षाने तेथे उमेदवार दिला नव्हता, हेही या वाढीचा विचार करताना लक्षात घ्यायला हवे.

हाऊस ऑफ कॉमन्समधील एकट्या सदस्याची अवस्था बाहेरून कळणे कठीण असते. तेथे कोट अडकवण्याच्या प्रत्येक सदस्याच्या खुंटीला तलवार टांगण्यासाठी अजूनही एक गुलाबी फीत बांधलेली असते. मतदानाची रीतही तितकीच जुनी. मतविभागणीची घंटा वाजली, की आठ मिनिटांच्या आत सदस्यांना ‘होय’ किंवा ‘नाही’ यांपैकी एका दालनात शिरावे लागते, मग दारे बंद होतात आणि रांगेने बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचे नाव टिपले जाते. मोठ्या पक्षांचे प्रतोद आपल्या सदस्यांना कोणत्या दारातून जायचे ते दाखवतात. त्यामुळे कशावर मत देत आहोत हे ठाऊक नसतानाही सदस्य मत देऊन मोकळे होतात. लूकस यांना दार दाखवणारे कोणी नव्हते. प्रत्येक विधेयक, प्रत्येक दुरुस्ती स्वतः वाचून त्यांना आपले दार ठरवावे लागे. निवडून आल्यानंतर सहा महिन्यांतच त्यांनी संसदीय सुधारणांविषयी एक टिपण प्रसिद्ध केले आणि त्यात इलेक्ट्रॉनिक मतदान, विधेयकांवरील दुरुस्त्यांमागील हेतू सांगणारे सोप्या भाषेतील निवेदन आणि वेळेचा काटेकोर वापर यांची मागणी केली. या मागण्यांपैकी फारच थोड्या मान्य झाल्या. पण सदस्याने जे मत द्यायचे ते समजून द्यावे, हा त्यामागचा आग्रह लोकशाहीच्या मुळाशी जाणारा आहे, असे म्हटले पाहिजे.

निवडणूक सुधारणेसाठी त्यांनी दोन लक्षणीय प्रयत्न केले. पसंतीक्रमाच्या मतदानावर २०११ मध्ये सार्वमत घेण्याचे ठरले, तेव्हा मतपत्रिकेवर प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचाही पर्याय असावा अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. ती मोठ्या फरकाने फेटाळली गेली. जुलै २०१६ मध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणि सोळाव्या वर्षी मताधिकार यांसाठी त्यांनी विधेयक मांडू देण्याची परवानगी मागितली, तेव्हा बाजूने ७४ आणि विरुद्ध ८१ मते पडली. २०१५ च्या निवडणुकीचा निकाल तेव्हा ताजा होता. ग्रीन पार्टीला ११ लाखांहून अधिक मतांवर एक जागा, तर स्कॉटिश नॅशनल पार्टीला साडेचौदा लाखांच्या आसपास मतांवर ५६ जागा मिळाल्या होत्या. पद्धत बदलेपर्यंत पुरोगामी पक्षांनी एकमेकांची मते खाऊ नयेत, असे त्यांचे मत होते. डिसेंबर २०१६ मधील रिचमंड पार्कच्या पोटनिवडणुकीत ग्रीन पार्टीने लिबरल डेमोक्रॅट उमेदवारासाठी जागा सोडली व ती उमेदवार विजयी झाली. पक्षातील काहींना ही युती स्वतःची ओळख गमावण्यासारखी वाटली आणि तो वाद पुढेही मिटला नाही.

कायद्याने दिलेल्या चौकटीत काम करणे आणि अंतःकरणाला न पटणाऱ्या गोष्टीला अहिंसक मार्गाने विरोध करणे, या दोन्ही गोष्टी लोकप्रतिनिधीने करायला हरकत नाही, अशी लूकस यांची धारणा होती. स्कॉटलंडमधील फासलेन येथील, ट्रायडंट अण्वस्त्रे वाहणाऱ्या पाणबुड्यांच्या तळाबाहेरील निदर्शनांत त्यांनी अटक पत्करली होती. खासदार झाल्यानंतरचा गाजलेला प्रसंग वेस्ट ससेक्समधील बालकम्ब या गावचा. तेथे क्वाड्रिला या कंपनीने २०१३ च्या उन्हाळ्यात शोधविहीर खणायला घेतली. खडकात दाबाने पाणी सोडून वायू किंवा तेल काढण्याचे तंत्र पुढे येथेही वापरले जाईल, या भीतीने लोकांनी रस्त्यावर ठाण मांडले. १९ ऑगस्ट रोजी लूकस इतरांबरोबर प्रवेशद्वारासमोर बसल्या असताना पोलिसांनी त्यांना उचलून नेले. एप्रिल २०१४ मध्ये ब्रायटनच्या न्यायालयाने त्यांना व इतर चौघांना निर्दोष ठरवले. हे तंत्र वापरण्यावर ब्रिटिश सरकारने २०१९ मध्ये इंग्लंडपुरती स्थगिती आणली. त्याचे श्रेय एकट्या बालकम्बच्या निदर्शनांना देणे बरोबर नाही, कारण लँकेशरमध्ये झालेले भूकंपाचे धक्के हे त्याचे तात्कालिक कारण होते. पण लोकमत तयार करण्याचे काम अशा गावांनीच केले.

जून २०१३ मध्ये प्रसारमाध्यमांतील स्त्रियांच्या चित्रणावर चर्चा चालू असताना लूकस एका खपाऊ दैनिकाच्या तिसऱ्या पानावर छापल्या जाणाऱ्या अर्धनग्न छायाचित्रांचा निषेध करणारा टी-शर्ट घालून उभ्या राहिल्या. पीठासीन सदस्यांनी पोशाखाच्या नियमाकडे बोट दाखवून जाकीट चढवायला सांगितले. ते चढवून त्या म्हणाल्या, की माझा टी-शर्ट या वास्तूत चालत नाही, मात्र तेच दैनिक याच आवारात आठ ठिकाणी विकत मिळते. शाळांत नातेसंबंध व लैंगिक शिक्षण सक्तीचे करावे, यासाठीही त्यांनी विधेयके मांडली. तशी तरतूद २०१७ च्या कायद्याने झाली.

लूकस यांच्या आर्थिक विचारांचा गाभा ‘ग्रीन न्यू डील’ या कल्पनेत आहे. अमेरिकेत ही संज्ञा सर्वतोमुखी होण्याच्या दहा वर्षे आधी, जुलै २००८ मध्ये, लंडनमधील नऊ जणांच्या गटाने त्याच नावाचा अहवाल काढला. अर्थतज्ज्ञ ॲन पेटिफर, पत्रकार लॅरी एलियट, करविषयक अभ्यासक रिचर्ड मर्फी आदींबरोबर लूकस या गटात होत्या. बँकांची पडझड, तेलाच्या वाढत्या किमती आणि हवामानबदल ही तीन संकटे वेगळी नाहीत, तर त्यांवर एकत्रच उपाय केला पाहिजे, अशी त्याची मांडणी होती. घरोघरी उष्णता टिकवून ठेवणारी आवरणे बसवणे आणि पुनर्निर्मितिक्षम ऊर्जा उभारणे यांवर सरकारने मोठा खर्च करावा, त्यातून हजारो लोकांना काम मिळावे आणि वित्तव्यवहारांवर लगाम घालावा, असे त्यात सुचवले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये मजूर पक्षाचे क्लाइव्ह लुइस यांच्यासह त्यांनी याच विचाराचे विधेयक संसदेत ठेवले. अखंड आर्थिक वाढ हे सरकारचे उद्दिष्ट असू नये, रेल्वे सार्वजनिक मालकीची असावी, प्रत्येक नागरिकाला मूलभूत उत्पन्न मिळावे, अणुऊर्जा व अण्वस्त्रे दोन्ही सोडून द्यावीत, ही त्यांची इतर मते होत. अणुवीज कार्बनमुक्त असल्याने तिला विरोध करणे हवामानाच्या दृष्टीने घातक आहे, अशी टीका काही पर्यावरणवाद्यांनीही केली आहे. अणुभट्ट्या उभारायला लागणारा वेळ आणि पैसा पाहता तोच खर्च वारा, सूर्य आणि ऊर्जाबचत यांवर केल्यास उत्सर्जन लवकर घटेल, असा लूकस यांचा प्रतिवाद आहे.

सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनी मांडलेल्या हवामान व परिसंस्था आणीबाणी विधेयकात १९९० च्या दशकातील दुधाच्या टँकरांचा धडा पुन्हा दिसतो. ब्रिटनच्या उत्सर्जनाच्या अधिकृत हिशेबात देशाच्या हद्दीत जाळलेले इंधनच धरले जाते. चीनमध्ये किंवा भारतात तयार होऊन ब्रिटनमध्ये वापरल्या जाणाऱ्या वस्तूंमागचा धूर त्या त्या देशाच्या खात्यावर पडतो. वापरणाऱ्याने हा भार आपल्या खात्यावर घ्यावा, अशी या विधेयकाची तरतूद होती. ते संमत झाले नाही, परंतु अनेक पक्षांच्या सदस्यांनी त्याला पाठिंबा दिला. भारतीय वाचकाने हे कलम मुद्दाम लक्षात ठेवावे, कारण हवामान वाटाघाटींत विकसनशील देश जो मुद्दा मांडत आले, तो येथे एका श्रीमंत देशाच्या संसदेत त्याच देशाच्या प्रतिनिधीने मांडला होता.

लूकस यांच्या कारकिर्दीत चुका आणि अडचणीही आहेत. २०११ ते २०१५ या काळात ब्रायटनच्या महानगरपालिकेत त्यांच्या पक्षाचे अल्पमतातील प्रशासन होते. २०१३ मध्ये सफाई कामगारांच्या वेतनावरून संप झाला, शहरात कचऱ्याचे ढीग साचले आणि लूकस आपल्याच पक्षाच्या प्रशासनाविरुद्ध कामगारांच्या बाजूने उभ्या राहिल्या. ती भूमिका त्यांच्या विचारांशी सुसंगत होती, तरी पक्षाला त्याची किंमत मोजावी लागली. युरोपीय संघातच राहावे या मताच्या त्या खंद्या पुरस्कर्त्या होत्या. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रिटनचे संघातून करारावाचून बाहेर पडणे टाळण्यासाठी केवळ स्त्रियांचे आपत्कालीन मंत्रिमंडळ करावे, अशी सूचना त्यांनी केली. त्यांनी सुचवलेल्या सर्व स्त्रिया गोऱ्या होत्या, हे लोकांनी दाखवून दिल्यावर त्यांनी जाहीर माफी मागितली.

आपण पुढील निवडणूक लढवणार नसल्याचे लूकस यांनी जून २०२३ मध्ये जाहीर केले. मतदारसंघातील लोकांच्या अडीअडचणी सोडवण्याच्या कामामुळे हवामान आणि निसर्ग यांच्या प्रश्नाला पुरेसा वेळ देता येत नाही, हे त्यांनी त्यामागचे कारण दिले. जुलै २०२४ च्या निवडणुकीत ब्रायटन पॅव्हिलियनची जागा शान बेरी यांनी ग्रीन पार्टीकडे राखली. शिवाय ब्रिस्टल सेंट्रल, वेव्हनी व्हॅली आणि नॉर्थ हेरफर्डशर येथे कार्ला डेनियर, एड्रियन रॅमसे व एली चाउन्स निवडून आल्याने पक्षाचे चार सदस्य झाले. त्याच वर्षी इंग्लंडचे साहित्य व इतिहास यांच्या आधारे इंग्रज अस्मितेचा पुनर्विचार करणारे लूकस यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. मृत्यूच्या उंबरठ्यावरील रुग्णांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची सोबत करण्याच्या सेवेचे प्रशिक्षण त्यांनी संसद सोडण्यापूर्वीच सुरू केले होते.